ढाबळ, कबुतरखाना आणि वळचण : एका वास्तूच्या नावांचा विचार

इंग्लंड-फ्रान्समधील जुन्या जहागिरींची वर्णने मराठीत उतरविताना भाषांतरकारापुढे एक लहान पण चिवट अडचण उभी राहते. जहागीरदाराच्या निवासापासून थोड्या अंतरावर दगडांचा वा विटांचा वर्तुळाकार बुरूज असतो. त्याच्या आतल्या भिंतींत शेकडो कोनाडे ओळीने रचलेले असतात. त्या कोनाड्यांत कबुतरे अंडी घालतात व पिले वाढवितात. या वास्तूला मराठीत काय म्हणावे? ‘कबुतरखाना’ आणि ‘ढाबळ’ हे दोन प्रतिशब्द सहज सुचतात. परंतु ‘कबुतरखाना’ म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबईतील दाणे टाकण्याचा चौक येतो, आणि ‘ढाबळ’ म्हटले की गच्चीवरील फळ्यांची व जाळीची खोपटी. युरोपातील बुरूज या दोहोंपैकी एकाही शब्दात मावत नाही.

ही अडचण केवळ भाषांतराची असती तर तिला येथे स्थान देण्याचे कारण नव्हते. एखाद्या वस्तूला भाषेत नेमका शब्द नसणे हे पुष्कळदा ती वस्तू ज्या व्यवस्थेचा भाग असते ती व्यवस्थाच त्या समाजात नसल्याचे गमक असते. कबुतरांच्या निवासाशी निगडित असलेले मराठी शब्द तपासले असता दख्खनमधील जमीनधारणा, खताची सोय, दरबारी शौक आणि धर्मादाय यांच्याविषयी बरीच माहिती हाती लागते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा टापू या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. कारण इनामाचे जुने केंद्र, भुईकोट किल्ला, मेंढपाळांच्या वाटा आणि शहरी धर्मादायाची खूण या चारही गोष्टी तेथे थोड्याच अंतरात आढळतात.

१. जहागिरीचा बुरूज आणि त्याचे प्रयोजन

प्रथम मूळ वास्तूचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. रोमन लेखक व्हॅरो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात कबुतरांच्या मोठ्या निवासाचे वर्णन केले असून अशा एका इमारतीत पाच हजारांपर्यंत पक्षी राहू शकत, असे म्हटले आहे. लॅटिनमधील ‘कोलुंबारियुम’ हा शब्द याच निवासाचा वाचक होता. पुढे तशाच कोनाड्यांत मृतांच्या अस्थींचे कलश ठेवण्याच्या दालनासही तो लावला गेला. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये असे बुरूज जहागिरींवर उभे राहू लागले. त्यांतून मिळणारे मुख्य उत्पन्न म्हणजे सुमारे चार आठवड्यांची, अद्याप न उडालेली कोवळी पिले. ती जहागीरदाराच्या भोजनात जात. दुसरे उत्पन्न विष्ठेचे. ती खत म्हणून मोलाची होती आणि सोरा तयार करण्याच्या कामीही येई. बुरुजाच्या मध्यभागी एक उभा खांब असे. त्याला जोडलेली शिडी गोल फिरवून भिंतीतील प्रत्येक कोनाड्यापर्यंत हात पोहोचविता येई.

या व्यवस्थेतील महत्त्वाची बाब अशी की, कबुतरे जहागीरदाराची असत, पण त्यांचे पोट पुष्कळ अंशी आसपासच्या शेतांवर भरे. पेरलेले बी आणि उभे पीक कुळाचे. ते टिपणारा पक्षी धन्याचा. आणि त्या पक्ष्याला मारण्याची कुळाला मनाई. म्हणून कबुतरांचा बुरूज बांधण्याचा अधिकार हा मानाचा व कायद्याचा विषय झाला. स्कॉटलंडमध्ये १६१७ मध्ये झालेल्या कायद्याने, आसपासच्या दोन मैलांत ठरावीक उत्पन्नाची जमीन असल्याशिवाय असा निवास बांधण्यास बंदी घातली. फ्रान्समध्ये तर हा अधिकार सरंजामी वर्चस्वाचे प्रतीकच ठरला होता. ऑगस्ट १७८९ मध्ये राष्ट्रसभेने सरंजामी हक्क रद्द केले, तेव्हा कबुतरे पाळण्याचा हा खास हक्कही स्वतंत्र कलमाने काढून घेण्यात आला आणि ठरावीक काळात पक्षी कोंडून ठेवावेत असे ठरले.

इराणमध्ये हीच वास्तू वेगळ्या प्रयोजनाने वाढली. इस्फहानच्या भोवती सतराव्या शतकात कबुतरांचे भव्य मातीचे बुरूज उभे होते. फ्रेंच प्रवासी शार्दां याने त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक दिली आहे. तेथे पक्ष्यांच्या मांसापेक्षा विष्ठेला महत्त्व होते, आणि ती विशेषतः खरबुजांच्या मळ्यांसाठी वापरली जाई. या बुरुजांना फारसीत ‘बुर्ज-ए-कबूतर’ आणि ‘कबूतरखाना’ अशी दोन्ही नावे आहेत. मराठीतील ‘कबुतरखाना’ हा शब्द फारसीतूनच आलेला आहे. पण फारसीत त्या शब्दाने सूचित होणारी उत्पादक वास्तू त्याच्याबरोबर दख्खनमध्ये रुजली नाही. शब्द आला आणि वस्तू मागे राहिली. असे का घडले, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. कपोत, पारावत आणि कबूतर

निवासाच्या नावांकडे वळण्यापूर्वी पक्ष्याची नावे पाहणे अवश्य आहे. संस्कृतात ‘कपोत’ आणि ‘पारावत’ हे दोन प्रमुख शब्द असून अमरकोश त्यांना पर्याय म्हणून देतो. ‘कपोत’ अधिक जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६५ वे सूक्त घरात शिरलेल्या कपोताविषयी आहे. तेथे तो निर्ऋतीचा दूत मानला असून त्याच्यापासून होणारे अनिष्ट टळावे अशी प्रार्थना आहे. इराणी शाखेत याच शब्दाचा आप्त आढळतो. दारयवहु पहिला याच्या सूसा येथील प्राचीन फारसी शिलालेखात ‘कपउतक’ हे विशेषण निळ्या रंगाच्या मौल्यवान खड्याला लावलेले आहे. मध्य फारसीतील ‘कबोतर’ आणि आधुनिक फारसीतील ‘कबूतर’ ही रूपे याच कुळातील. तेव्हा ‘कपोत’ व ‘कबूतर’ हे एका भारत-इराणी मूळ शब्दाचे दोन वंशज असून, पक्षी आणि त्याचा निळसर करडा रंग यांचा संबंध दोन्ही शाखांत टिकून राहिला आहे. मराठीत ‘पारवा’ हा शब्द पक्ष्याप्रमाणेच रंगासाठीही वापरला जातो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

‘पारवा’ हा मात्र ‘पारावत’पासून प्राकृताच्या मार्गाने आलेला तद्भव शब्द होय. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या शब्दाची ‘आ’कारयुक्त आणि ‘ए’कारयुक्त अशी दोन्ही रूपे मान्य केली आहेत. त्यांपैकी पहिल्याशी मराठी ‘पारवा’ जुळतो, तर दुसऱ्याशी गुजराती ‘पारेवुं’ आणि हिंदी ‘परेवा’.

अशा रीतीने मराठीजवळ एकाच जातीच्या पक्ष्यासाठी वारशाने आलेला ‘पारवा’ आणि फारसीतून आलेला ‘कबूतर’ असे दोन शब्द जमले. जीवशास्त्राच्या दृष्टीने दोघांचे मूळ एकच, म्हणजे कड्यांच्या कपारींत राहणारा कोलुंबा लिविया हा पक्षी. पाळीव जाती त्यापासूनच निपजल्या. परंतु भाषेने त्यांच्यात वाटणी केली. माणसाने पाळलेले, पांढरे वा चित्रविचित्र रंगाचे, उडविण्याचे वा शोभेचे ते ‘कबूतर’; कडेकपारीत, देवळाच्या शिखरात, पडक्या वाड्याच्या आढ्यावर आपण होऊन राहणारा करडा पक्षी तो ‘पारवा’. शहरी बोलीत ही सीमा आता बरीच पुसट झाली आहे. तथापि वाङ्मयीन मराठीत आणि खेड्यापाड्यांतील बोलण्यात ती अजून जाणवते.

इंग्रजीतील ‘डव्ह’ आणि ‘पिजन’ ही जोडी तुलनेसाठी घेता येईल. ‘डव्ह’ हा जर्मानिक वारशातील शब्द. ‘पिजन’ हा फ्रेंचमधून आलेला, आणि त्याचे उत्तर-लॅटिन मूळ पक्ष्याच्या पिलाचे वाचक. म्हणजे ताटात येणाऱ्या पिलाचे नाव पुढे साऱ्या जातीचे नाव झाले. इंग्रजीत परक्या शब्दामागे भोजनाचा व्यवहार उभा आहे, मराठीत परक्या शब्दामागे पाळण्याचा शौक. उसना शब्द कोणत्या दाराने आला हे त्याच्या अर्थच्छटेवरून कळते, ते असे.

‘पारवा’ या शब्दाभोवती वैदिक कपोताच्या अनिष्टसूचक छायेशी मिळतीजुळती एक छाया मराठीतही आढळते. घरात पारवे घुमू लागणे म्हणजे घर ओस पडणे, हा संकेत सर्वपरिचित आहे. बालकवींची ‘पारवा’ ही कविता उद्ध्वस्त धर्मशाळेच्या पार्श्वभूमीवर उभी आहे. तेथे ‘कबूतर’ हा शब्द घालून पाहिला तर कवितेचा सारा भाव बिघडेल. युरोपीय जहागिरीवर कबुतरांचा थवा हे धन्याच्या भरभराटीचे लक्षण होते; मराठी वाड्यात पारव्यांचा थवा हे धनी उरला नसल्याचे लक्षण ठरते.

३. विटंक, कपोतपाली आणि वळचण

प्राचीन भारतीय घरांत कबुतरांना जागाच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. अमरकोशाच्या पुरवर्गात ‘कपोतपालिका’ आणि ‘विटंक’ हे शब्द पर्याय म्हणून आले आहेत, आणि ते घराच्या भागांच्या नावांमध्ये दिलेले आहेत. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात वसंतसेनेच्या प्रासादाचे जे चौक वर्णिले आहेत, त्यांपैकी सातव्यात पक्ष्यांची वाटिका असून तीत पारावतांच्या जोड्या सुखाने बसलेल्या आहेत. कालिदासाचा यक्षही मेघाला उज्जयिनीतील अशा एखाद्या भवनाच्या वलभीवर रात्र काढण्यास सांगतो की, जेथे पारावत झोपलेले असतील.

या उल्लेखांत दोन गोष्टी दिसतात. एक, पक्षी घराच्या अंगाशी, छपराच्या कडेला राहत. त्यांच्यासाठी शेतीच्या कामाचा वेगळा बुरूज नव्हता. दोन, त्यांचा संबंध नागर विलासाशी जोडलेला आहे. मांसाच्या वा खताच्या उत्पन्नाचा विचार तेथे नाही.

मंदिरवास्तूच्या परिभाषेत हाच शब्द दगडात उतरला. बाहेर झुकलेल्या, वळणदार कडेच्या थराला ‘कपोत’ म्हणतात. ‘कपोतपाली’, ‘कपोताली’ ही रूपेही शिल्पशास्त्रीय ग्रंथांत आढळतात. वेरूळच्या कैलास लेण्यात, आठव्या शतकात खोदलेल्या त्या प्रचंड एकाश्म मंदिरात, असे कपोत गवाक्षांच्या नक्षीसह स्पष्ट दिसतात. घराच्या छपराची कड, तीवर बसणारा पक्षी, आणि त्या कडेचे दगडी अनुकरण असा हा अर्थाचा प्रवास आहे. पक्षी कडेवरून उडाला आणि त्याचे नाव कडेला चिकटून राहिले.

पंडिती परिभाषेतील हे शब्द बोलभाषेत उतरले नाहीत. ‘विटंक’ मराठी संसारात आला नाही. ‘कपोत’ काव्यापुरता व स्थापत्याच्या अभ्यासकांपुरता राहिला. बोलीत पारव्याच्या जागेला वेगळे नाव नाही. तो वळचणीला असतो, कोनाड्यात असतो, आढ्यावर असतो, किल्ल्याच्या तटातील जंगीत असतो. ही सर्व नावे माणसाने आपल्या सोयीसाठी केलेल्या बांधकामाच्या भागांची आहेत. पारवा तेथे पाहुणा म्हणून येतो. ज्या पक्ष्यासाठी कोणी घर बांधीत नाही त्याच्या घराला भाषेनेही नाव दिले नाही, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

४. ढाबळ : शौकाची वास्तू

पाळलेल्या कबुतरांच्या घराला मात्र मराठीत ‘ढाबळ’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. फळ्यांचे किंवा डब्यांचे कप्पे, पुढे जाळी, वर पक्षी उतरण्याची मोकळी जागा, असे तिचे सामान्य रूप. कोंबड्यांच्या ‘खुराड्या’हून ती वेगळी, खुराडे जमिनीलगत व अंड्या-मांसाच्या सोयीसाठी, ढाबळ उंचावर व उडविण्याच्या शौकासाठी. ‘धाब्याचे घर’ यातील ‘धाबे’ या शब्दाशी ढाबळीचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु आद्य व्यंजनातील दंत्य-मूर्धन्य भेदाचा उलगडा झाल्याशिवाय केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करणे शास्त्राला धरून होणार नाही.

या शौकाची परिभाषा जवळजवळ सर्वच उत्तरेकडील दरबारी जीवनातून आलेली आहे. अबुल फज़लच्या ‘आइन-ए-अकबरी’त बादशहाच्या कबुतरांवर स्वतंत्र मजकूर असून दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती व त्यांपैकी पाचशे खास निवडीची होती, असे नमूद आहे. कबुतरे उडविण्याच्या खेळाला तेथे ‘इश्कबाज़ी’ असे नाव दिले आहे. ‘लोटण’, ‘लक्का’ ही जातींची नावे त्या ग्रंथात आढळतात, आणि तीच मराठी शौकिनांच्या तोंडी आहेत. ‘गिरेबाज’, ‘शिराजी’, ‘कबूतरबाजी’ हे शब्दही त्याच घडणीचे.

फारसीचा हा प्रभाव दख्खनमध्ये मोगलांच्या कितीतरी आधीपासून सुरू झाला होता, आणि प्रस्तुत टापूत त्याची ठळक खूण म्हणजे चाकण. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी याने चाकणला आपले ठाणे केले होते. समुद्रापलीकडून आलेल्या ‘परदेशी’ सरदारांचा व लष्करी लोकांचा वावर त्यामुळे या गावी होता. पुढे शाइस्तेखानाने १६६० मध्ये चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा याने तो किल्ला सुमारे दोन महिने लढविला, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. बुरूज, फौज, किल्ला हे त्या हकीकतीतील शब्द जसे फारसी-अरबी वाटेने मराठीत आले, तसाच ‘कबूतर’ही आला.

शिवकालीन अठरा कारखान्यांची जी यादी सामान्यतः दिली जाते, तीत पीलखाना, उष्ट्रखाना, शिकारखाना, फरासखाना, तोफखाना अशी नावे आहेत. कबुतरखान्याचे नाव नाही. शौक म्हणून कबुतरे पाळली जात असली तरी राज्याच्या वा जहागिरीच्या उत्पन्नाचे ते स्वतंत्र खाते झाले नाही, हे या यादीशी जुळते.

५. बुरूज का रुजला नाही

याचे उत्तर जमिनीच्या व्यवस्थेत शोधावयास हवे. युरोपीय जहागिरीत धन्याची स्वतःची घरशेती असे. तिच्यावर कुळांकडून वेठीने काम करून घेतले जाई. कबुतरांचा बुरूज हा त्या घरशेतीचा अवयव होता. पिले धन्याच्या स्वयंपाकघरात, खत धन्याच्या मळ्यात. दख्खनमधील इनाम आणि वतन यांचे स्वरूप निराळे होते. इनामदाराला प्रामुख्याने मिळे तो गावच्या वसुलाचा हक्क; वतनदाराला मिळे ते हक्क, मानपान आणि पिकातील वाटा. ‘शेरी’ या नावाने ओळखली जाणारी खासगीची जमीन असे, परंतु जहागिरीचे अर्थकारण तिच्यावर उभे नव्हते.

चिंचवडचे देवस्थान याचे उत्तम उदाहरण होय. मोरया गोसावी यांच्या वंशातील देव घराण्याला निरनिराळ्या राजवटींकडून गावे इनाम मिळाली. या घराण्याचा आणि राज्यसंस्थेचा संबंध लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तपशिलाने अभ्यासला आहे. अशा संस्थानाचे बळ सनदांत, वसुलात, उत्सवांत व अन्नदानात होते. गणपतीच्या उपासनेत रमलेल्या ब्राह्मण इनामदाराच्या घरी पक्ष्यांच्या मांसाचा प्रश्नच उद्भवत नव्हता, आणि वसूल रोख वा धान्यरूपाने येत असल्यामुळे दूरच्या गावातील शेताला खत कोठून मिळते ही चिंता इनामदाराची नसून कसणाऱ्याची होती.

मग कसणाऱ्याने खताची सोय कशी केली? शेणखत तर होतेच. पण येथील खरी तुल्य संस्था म्हणजे धनगरांचे कळप. पावसाळा संपून दिवाळी उलटली की, पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांतून धनगरांचे वाडे पश्चिमेकडे निघतात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या मोकळ्या रानात मेंढ्या बसविण्यास बोलावतो. कळप रात्रभर शेतात बसतो, लेंडीखत व मूत्र जागच्या जागी पडते, आणि मोबदला धान्याच्या किंवा पैशाच्या रूपाने दिला जातो. इस्फहानच्या मळेकऱ्याला जे बुरुजाने दिले ते पुण्याच्या शेतकऱ्याला चालत्या कळपाने दिले.

या ठिकाणी ‘वाडा’ हा शब्द फार बोलका आहे. देशमुख-इनामदाराचे चौसोपी घर तोही वाडा, आणि मेंढ्यांसह फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचा तळ तोही वाडा. युरोपात खताची वास्तू धन्याच्या वाड्याजवळ खिळलेली होती. येथे खत देणारा वाडाच गावोगाव फिरत होता. शिवाय या व्यवहारात पीक खाणारा पक्षी धन्याचा आणि नुकसान कुळाचे, असा अन्याय नव्हता. करार शेतकरी व मेंढपाळ यांच्यात समोरासमोर होई. फ्रान्समध्ये सरंजामी हक्क मोडताना कबुतरांसाठी कलम घालावे लागले. मुंबई राज्यात १९५० मध्ये परगणा व कुलकर्णी वतने आणि १९५२ मध्ये व्यक्तिगत इनामे रद्द करण्याचे कायदे झाले, तेव्हा त्यांचा विषय जमीन, वसूल आणि चाकरी हा होता. दोन देशांतील कायद्यांच्या शब्दांतून दोन ठिकाणच्या गाऱ्हाण्यांचा फरक असा उमटला आहे.

६. कबुतरखान्याचा नवा अर्थ

उत्पादनाचा अर्थ कधी न रुजल्यामुळे ‘कबुतरखाना’ हा शब्द मराठीत जणू मोकळाच होता. मुंबईत त्याला नवा आशय मिळाला, आणि तो गुजरातकडून आला. अहमदाबादच्या पोळांमध्ये खांबावर उभारलेली नक्षीदार मंडपी असते; तीत पक्ष्यांसाठी दाणे ठेवतात. तिला गुजरातीत ‘चबूतरो’ म्हणतात. मराठीत व हिंदीत ‘चबुतरा’ म्हणजे केवळ ओटा. गुजरातीत त्याच शब्दाला जीवदयेचा विशेष अर्थ आला आहे. मुंबईत गुजराती आणि जैन व्यापाऱ्यांनी ही चाल आणली, तेव्हा त्या जागेला मराठी-हिंदुस्थानी बोलणाऱ्या शहराने ‘कबुतरखाना’ हे तयार नाव दिले. ‘चबूतर’ व ‘कबूतर’ यांच्या यमकानेही या नामकरणाला हातभार लावला असावा. दादरचा प्रसिद्ध कबुतरखाना १९३३ चा. तेथे कबुतरे राहत नाहीत, दाणे टिपण्यास येतात. ‘खाना’ म्हणजे घर हा अर्थ तेथे लोपला आहे.

अशाच प्रवासाची एक खूण प्रस्तुत टापूतही आहे. पुणे-नाशिक मार्गावर भोसरी येथे ‘पांजरपोळ’ हे स्थळनाम रूढ आहे. निराश्रित जनावरांच्या आश्रयस्थानाचा वाचक असलेला हा शब्द गुजराती धर्मादायाच्या परंपरेतील असून मुंबईत अशी संस्था १८३४ मध्ये स्थापन झाली होती. ‘कबुतरखाना’ आणि ‘पांजरपोळ’ हे शब्द घडणीने भिन्न असले तरी नव्या अर्थाने एकाच घराण्यातले आहेत.

अर्थांची ही गुंतागुंत निव्वळ विद्वत्तेचा विषय राहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आरोग्याच्या कारणास्तव मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची भूमिका विधान परिषदेत जाहीर केली. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकण्यात आली, तिच्याविरुद्ध आंदोलन झाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे होते, आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. अशा वादात ‘परंपरा’ हा शब्द सर्वांच्या तोंडी येतो. विष्ठेमुळे होणाऱ्या श्वसनविकारांचा निर्णय वैद्यकाने करावा आणि जीवदयेचे मूल्य समाजाने ठरवावे. भाषाशास्त्राचे काम मर्यादित आहे. कोणती परंपरा कोणत्या वास्तूची, हे त्याला सांगता येते. इराणी बुरूज, दरबारी कबुतरांचा शौक, गुजराती चबूतरो आणि मराठी वळचण या चार स्वतंत्र परंपरा आहेत. एकीचा पुरावा दुसरीच्या समर्थनार्थ वा विरोधात वापरला जातो तेव्हा युक्तिवाद नावाच्या साम्यावर चालतो, वस्तूच्या नव्हे.

७. अभ्यासाची पद्धती

जुन्या कागदपत्रांत, प्रवासवर्णनांत वा स्थळनामांत कबुतरांच्या घराचा उल्लेख आला असता, तो कोणत्या संस्थेचा आहे हे ठरविण्यासाठी चार प्रश्न विचारावेत. पक्षी त्या जागी राहतो की केवळ दाणे टिपण्यास येतो? पक्ष्यावर कोणाची मालकी आहे? त्याला दाणा कोण पुरवितो? आणि पिले, अंडी व विष्ठा यांचे पुढे काय होते? जहागिरीच्या बुरुजात पक्षी राहतो, तो धन्याचा असतो, दाणा बहुतांशी परक्या शेतातला असतो आणि पिले व विष्ठा उत्पन्नात जमा होतात. ढाबळीत पक्षी शौकिनाचा, दाणाही त्याचाच, आणि उत्पन्नाऐवजी खर्च. मुंबईच्या कबुतरखान्यात पक्षी कोणाचाच नाही आणि दाणा पुण्यार्थ. वळचणीच्या पारव्याबाबत चारही प्रश्न निरर्थक ठरतात. विष्ठा झाडण्याचे काम तेवढे घरधनिणीकडे येते.

या प्रश्नावलीचा उपयोग पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तातडीने होण्यासारखा आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. त्यानंतर उद्योगांचा विस्तार चाकणपर्यंत गेला. शेते गेली की मेंढ्या बसविण्याची जागा जाते, माळवदाची व कौलारू घरे गेली की वळचण जाते, आणि त्या व्यवहारांचे शब्दही हळूहळू बोलण्यातून नाहीसे होतात. पारवा मात्र जात नाही. कारखान्यांच्या लोखंडी कैच्या आणि इमारतींची सज्जे त्याला कड्यांइतकीच मानवतात. मोशी, चिखली, तळवडे, महाळुंगे या भागांतील वृद्ध शेतकरी, मेंढपाळ आणि ढाबळीचे शौकीन यांच्याकडून ही शब्दसंपत्ती नोंदवून घेणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. शब्द टिपताना वस्तूचे रेखाचित्र, मोजमाप आणि व्यवहाराचे वर्णन सोबत घ्यावे. नुसत्या शब्दांची यादी पुढील पिढीस उलगडणार नाही.

राहिला भाषांतरकाराचा प्रश्न. युरोपीय वा इराणी वास्तूसाठी ‘कबुतरबुरूज’ हा सामासिक शब्द वापरावा, असे सुचविता येईल. त्यातील दोन्ही घटक मराठीत शतकानुशतके रुळलेले आहेत, फारसी नावाशी तो जुळतो, आणि दाण्याच्या चौकाची वा गच्चीवरील खोपटीची आठवण तो करून देत नाही. ‘ढाबळ’ शौकिनाच्या घराला आणि ‘कबुतरखाना’ शहरातील दाण्याच्या जागेला राखून ठेवावा. पारव्याच्या वळचणीला नव्या शब्दाची गरज नाही.